दोन पिल्लं घरी येताहेत : क्रेट घ्यावा की नको?

मोरपंखी_

मंडळी, पुढच्या आठवड्यात आमच्याकडे दोन पिल्लं येताहेत. नवऱ्याच्या मित्राच्या वर्कशॉपमागे एका गावठी कुत्रीने पाच पिल्लं दिली. तिघांना घरं मिळाली, ही दोन उरली. एक काळी कुळकुळीत मादी, दुसरा हिंगाच्या खड्याच्या रंगाचा नर. नावं लेकीने ठरवून टाकलीत : मोहरी आणि हिंग. आठ आठवडे पूर्ण झाले की आणायची.

घर पुण्यात, सिंहगड रस्त्याला. चौथा मजला, दोन बेडरूम, एक बाल्कनी. माणसं चार : मी, नवरा, सहावीतली लेक आणि सासूबाई. आम्हा दोघांना आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला जावं लागतं. सासूबाई दिवसभर घरीच असतात, पण गुडघ्यांमुळे पिल्लांमागे धावणं त्यांना झेपणार नाही. शिवाय दोन पिल्लं पायात घोटाळली आणि त्या पडल्या तर काय, ही धास्ती वेगळीच.

ऑफिसातल्या मैत्रिणीचं म्हणणं, पहिल्या दिवसापासून क्रेट ट्रेनिंग कर (म्हणजे कुत्र्यासाठीच्या दाराच्या पिंजऱ्यात झोपायची-बसायची सवय लाव), नाहीतर वर्षभर फरशी पुसत बसशील. सासूबाई म्हणतात, "कुत्र्याला कोंडूनच ठेवायचंय तर आणताच कशाला?" मला दोघींचंही पटतं, हीच पंचाईत आहे. ज्यांनी क्रेट वापरलाय त्यांचं आणि ज्यांनी ठरवून वापरला नाही त्यांचंही ऐकायचंय. दोघांना मिळून एकच मोठा क्रेट घेतला तर चालेल का, हेही सांगा.

खोडरबर

हळद राहिलीच की! फोडणी अर्धवट टाकू नये.

बाकी विषयातलं काही कळत नाही, पण वाचतोय. आमच्या घरी बोका आहे आणि कोंडलेले आम्ही आहोत.

अटकमटक

न्यू जर्सीतून लिहितेय. इथे क्रेट घ्यावा का, असा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, कुठला घ्यावा एवढंच विचारतात. आमची लॅब्रॅडॉर आली ती क्रेटमध्ये बसूनच आली.

यामागचं तत्त्व सोपं आहे. कुत्रा आपली झोपायची जागा शक्यतो घाण करत नाही. म्हणून क्रेट एवढाच हवा की पिल्लाला नीट उभं राहता येईल, गोल फिरता येईल आणि पाय ताणून पडता येईल. त्याहून मोठा असला की ते एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात शू करून मोकळं होतं. पिल्लू तर दर महिन्याला वाढणार, मग दर वेळी नवा क्रेट कोण घेत बसणार? त्यासाठी मोठ्या मापाचा तारेचा क्रेट एकदाच घ्यायचा. बऱ्याच क्रेटबरोबर मधे लावायची जाळी येते, ती मागे सरकवत जायची. गावठी कुत्रा पंधरा-वीस किलोचा होईल असं धरलं तर ३६ इंची पुरावा.

वेळेचा ढोबळ हिशोब असा सांगतात : वयाचे जितके महिने, त्यात एक मिळवा, तेवढे तास. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला फार तर तीन तास. आणि ही कमाल मर्यादा आहे, रोज तेवढं ठेवायचंच असं नाही. सहा महिन्यांपर्यंत दिवसा तीन-चार तासांच्या वर सलग ठेवू नये असं आमच्या व्हेटने बजावलं होतं. तुमचं ऑफिस जाऊन-येऊन दहा तासांचं असेल तर नुसता क्रेट हे त्यावरचं उत्तर नाही.

कोपऱ्यावरचा

मूळचा कोल्हापूरकडचा. आमच्या मळ्यात कायम दोन-तीन कुत्री असायची. पडवीत झोपायची, थंडीत चुलीच्या राखेत लोळायची, शेळी व्याली की तिच्यापाशी बसून राहायची. कुणी कसलं ट्रेनिंग दिलं नाही. पिल्लू चार वेळा घरात घाण करतं, पाचव्या वेळी आपोआप बाहेर जातं. अमेरिकेत माणसांना वेळ नाही म्हणून जनावराला पेटीत घालतात आणि त्याला शिस्त म्हणतात. ती फॅशन आता इकडे आली, दुसरं काय!

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

अटकमटक

@कोपऱ्यावरचा, वेळ कुणाला आहे आणि कुणाला नाही ते इथे येऊन बघा. जानेवारीत पहाटे तीन वाजता बर्फात पिल्लाला शू करायला घेऊन उभी राहिलेली बाई मीच होते.

ठाणेकरीण

>>पाचव्या वेळी आपोआप बाहेर जातं<<

पडवीला दार नव्हतं म्हणून जात होतं. चौथ्या मजल्यावरून ते आपोआप कुठे जाणार? लिफ्टचं बटण दाबून?

आणि एक विचारू? तुमच्या मळ्यातली कुत्री दिवसा मोकळी असायची की साखळीला? मी ठाण्यात गावठी पिल्लांना घर मिळेपर्यंत सांभाळते. परत आलेल्या कुत्र्यांपैकी बरीचशी गच्चीत नाहीतर पार्किंगमध्ये जन्मभर बांधलेली होती. पिंजरा म्हटलं की आपल्या अंगावर काटा येतो, साखळी मात्र डोळ्याला सवयीची झालीय. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत : हालचाल करता येणार नाही अशा अपुऱ्या पिंजऱ्यात ठेवणं, आणि आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं. कायद्याला दोन्ही सारखीच.

मी क्रेटच्या बाजूने आहे, पण अटींवर. सविस्तर रात्री लिहिते. आत्ता एकाचं औषध आणि दुसऱ्याची अंघोळ व्हायचीय.

कोपऱ्यावरचा

दिवसा साखळीला असायची, बरोबर आहे. ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या, लहान पोरं असायची बरोबर. रात्री सोडायचो. मुद्दा पोचला, पण म्हणून पिंजरा चांगला ठरत नाही.

बर्फाळ

अमेरिकेचं उदाहरण आलंच आहे, तर दुसऱ्या टोकाचंही येऊ द्या. मी स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला असतो. इथे घरात कुत्र्याला क्रेटमध्ये बंद करून ठेवायला नियमानेच परवानगी नाही. प्रवासात, कुत्र्यांच्या स्पर्धेत वगैरे चालतं. क्रेट घरात ठेवा, पण त्याचं दार उघडं हवं किंवा काढून टाकलेलं. शेजारच्या फिनलंडमध्येही साधारण असंच आहे. शिवाय दिवसा दर सहा तासांच्या आत कुत्र्याला बाहेर न्यायलाच हवं, पिल्लांना आणि म्हाताऱ्या कुत्र्यांना त्याहून लवकर.

तरीही इथली कुत्री घरात घाण करत नाहीत बरं का. लोक पिल्लू घेतात तेव्हा सुट्टी साठवून ठेवतात, पुढे दिवसाचं पाळणाघर बघतात. क्रेटशिवाय जमतं का, तर जमतं. फक्त त्याच्या जागी माणूस लागतो.

मोरपंखी_

बर्फाळ, शेवटचं वाक्य सासूबाईंना वाचून दाखवलं. "मी आहे की माणूस," असं उत्तर आलं. आता काय बोलणार!

गुरांचाडॉक्टर

नाव आयडीत आहेच. सातारा जिल्ह्यात गुरांच्या दवाखान्यात नोकरी केली, निवृत्तीनंतर कुत्री-मांजरीच जास्त बघतो.

परदेशातल्या सगळ्या पुस्तकांत एक वाक्य असतं : पिल्लू झोपून उठलं की त्याला लगेच बागेत न्या. इथे कोणती बाग? खाली सोसायटीच्या आवारात भटकी कुत्री फिरून गेलेली असतात आणि तुमच्या पिल्लांचं लसीकरण अजून व्हायचंय. पार्व्हो म्हणजे पिल्लांचा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार, त्याचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. आठव्या आठवड्याच्या आसपास पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने बूस्टर, रेबीजची तीन महिने झाल्यावर. हे सगळं होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर किंवा आवारातल्या मातीत उतरवू नका. कडेवर घेऊन फिरवा, माणसं, रिक्षा, कुकरच्या शिट्ट्या, सगळं दाखवा, ते फार गरजेचं आहे. पण पाय जमिनीला नको.

मग शू कुठे? बाल्कनीत पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा उथळ ट्रे ठेवा, त्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) नाहीतर नर्सरीतून आणलेला हिरवळीचा तुकडा. रद्दी पेपरही चालतो, मात्र मग ते पिल्लू पुढे कुणीही वाचायला खाली ठेवलेला पेपर आपलाच समजतं. गवताची सवय लागली तर बाहेर नेल्यावर त्याला नव्याने शिकावं लागत नाही. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळता खेळता मधेच थांबून जमीन हुंगायला लागलं की उचलायचं आणि ट्रेमध्ये ठेवायचं. क्रेटचा खरा उपयोग इथे होतो. पिल्लू अठरा-वीस तास झोपतं. ते घरभर कुठेतरी झोपलं तर कधी उठलं हे कळतच नाही. क्रेटमध्ये झोपलं असेल तर उठताक्षणी कुईं करतं, तुम्हाला कळतं.

फरशी पुसायला फिनाईल वापरू नका. पिल्लं फरशी चाटतात, ते त्यांना घातक आहे. अमोनियाचा वास असलेलं तर अजिबात नको, लघवीचाच वास समजून ती पुन्हा तिथेच बसतात. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते आणा.

आणि दूध-पोळी देऊ नका. प्रत्येक घरात ही चूक होते. आईपासून तुटलेल्या बऱ्याच पिल्लांना गाईचं दूध पचत नाही, जुलाब होतात. पोट बिघडलेलं पिल्लू क्रेटमध्ये घाण करणारच, आणि झोपायच्या जागी घाण करायची किळस एकदा गेली की परत आणणं अवघड. दुकानातल्या पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लांची अडचण हीच असते. महागाची जात, पण दिवसभर स्वतःच्या घाणीत बसलेली. त्यांना क्रेट लावला तरी ती आत शांतपणे शू करून तिथेच झोपतात. तुमची पिल्लं मोकळ्यावर आईपाशी वाढलीत, त्या बाबतीत तुम्ही नशीबवान.

भरदुपार

डॉक्टरांना पूर्ण अनुमोदन. नागपूरहून एक भर घालते.

इंटरनेटवर सगळे सांगतात, क्रेटवर चादर टाका, अंधार करा, पिल्लाला गुहेसारखं वाटतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून उष्णता बाहेर काढतो आणि त्याला हवा खेळती लागते. चारी बाजूंनी चादर टाकून पंख्यापासून लांब ठेवलेला क्रेट म्हणजे भट्टी. फार तर मागची बाजू आणि वरचा भाग झाका. क्रेट पश्चिमेच्या भिंतीला नको, बाल्कनीत तर नकोच नको. वीज जाते तेव्हा कुणीतरी घरात असायलाच हवं. पाण्याची वाटी तारेला अडकवायची मिळते, खाली ठेवली की पहिल्या पाच मिनिटांत पालथी होते. पग किंवा तसल्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर उन्हाळ्यात बंद करणं मी धोक्याचंच म्हणेन.

गावठी त्यामानाने काटक. पण पिल्लू ते पिल्लूच.

निमूट

मी सहसा लिहीत नाही, पण हा धागा बघून राहवलं नाही.

आम्ही तीन वर्षांची कुत्री दत्तक घेतली होती. एका ट्रेनरने सांगितलं, क्रेटमध्ये ठेवा, रडली तर रडू द्या, लक्ष दिलं तर लाडावेल. आम्ही बाहेर गेलो. परत आलो तेव्हा दाराची तार बाहेरच्या बाजूला वाकलेली होती, तिच्या तोंडाभोवती फेस होता आणि सुळ्याचा तुकडा क्रेटच्या तळाच्या ट्रेमध्ये पडला होता. तिला आधी कुणीतरी कोंडून मारलं असावं असं नंतर दवाखान्यात म्हणाले. तो क्रेट आम्ही त्याच आठवड्यात देऊन टाकला. स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांसाठी लावतात तसं फाटक लावलं. ती त्यामागे निवांत पडून राहते, कारण तिला आम्ही दिसतो.

क्रेट वाईट असं म्हणत नाही. पण "रडू द्या" हा सल्ला कुणी डोळे झाकून देऊ नये.

गुरांचाडॉक्टर

निमूट, बरं झालं लिहिलंत. रडण्या-रडण्यात फरक असतो आणि तो ओळखता यायला हवा. कुरकुर करणारं पिल्लू मधे थांबतं, कान टवकारून ऐकतं, पुन्हा सुरू करतं, हळूहळू आवाज उतरतो आणि आडवं होतं. घाबरलेलं पिल्लू थांबत नाही. लाळ गळते, धापा टाकतं, तारा चावतं, पंजाने ट्रे उकरतं, दिलेला खाऊ तसाच पडून राहतो. शेवटची खूण सगळ्यात सोपी : आवडीचा खाऊ समोर असून खात नसेल तर दार उघडा. त्याने ते लाडावत नाही. एकटेपणाची भीती असलेल्या कुत्र्याला क्रेटने बरं करता येत नाही, उलट ती वाढते.

रात्री रडलं तर आधी शूला न्या. दोन महिन्यांच्या पिल्लाला रात्रीतून एक-दोनदा लागतेच. दिवा मोठा करायचा नाही, बोलायचं-खेळायचं नाही, ट्रेवर ठेवायचं, झालं की परत आत.

ठाणेकरीण

आता सविस्तर.

मोरपंखी_, तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर आधी : एक मोठा क्रेट नको. दोघांना दोन वेगळे. एकत्र ठेवलं तर गरमी, खाण्यावरून भांडणं आणि एकाने शू केली तर दुसऱ्यालाही त्यातच बसायचं. पण त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. सख्खी भावंडं एकत्र वाढली की ती एकमेकांत इतकी गुंततात की माणसांचं बोलणं त्यांच्या कानापर्यंत पोचतच नाही. एक नजरेआड झालं की दुसरं किंचाळतं. म्हणून क्रेट वेगळे, जेवणाच्या वाट्या वेगळ्या आणि रोज थोडा वेळ एकेकाला एकट्याला बाहेर न्यायचं. सुरुवातीला क्रेट शेजारी शेजारी ठेवा, एकमेकांचा वास येऊ दे. मग आठवड्या-दोन आठवड्यांत वीतभर, हातभर असं अंतर वाढवा.

आता सवय कशी लावायची. पहिले दोन-तीन दिवस दाराला हातच लावायचा नाही. ते सुतळीने मागे बांधून टाका, नाहीतर पिल्लू आत शिरतं, दार हलून पाठीला लागतं आणि ते पुन्हा आत जायचं नाव घेत नाही. तारेच्या क्रेटचा तळाचा पत्रा हलला की खडखडतो. त्याखाली दुमडलेली रबरी मॅट सरकवा, आवाज बंद. वर जुनी सुती चादर. कापसाची गादी किंवा गोधडी आत्ता नको, दात शिवशिवायला लागले की ती फाडून कापूस गिळतात आणि मग आतडं अडकून ऑपरेशन.

सगळं जेवण आत द्या. आधी वाटी दाराशी, मग मध्यावर, मग पार मागच्या टोकाला. ते खात असताना दार ओढायचं आणि खाणं संपायच्या आत उघडायचं. बहुतेक पिल्लं दाराला घाबरत नाहीत, कडीला घाबरतात. तो लोखंडाचा खट्ट आवाज. म्हणून दार सताड उघडं असताना नुसती कडी वाजवायची आणि आत खाऊ टाकायचा, पुन्हा वाजवायची, पुन्हा खाऊ. दिवसातून दहा-बारा वेळा जाता-येता. मग कडीचा आवाज म्हणजे खाऊ, एवढंच त्यांच्या डोक्यात राहतं. दार लावून आधी तिथेच बसा, मग खोलीतल्या खोलीत फिरा, मग नजरेआड व्हा. दह्यात भिजवलेलं डॉगफूड रबरी खेळण्यात भरून गोठवलं की चाटत बसतात, चांगला वेळ जातो.

आत घालण्याआधी गळ्यातला पट्टा काढायचा. तारेत अडकून फास बसतो. हे एकवेळ बाकी सगळं विसरलात तरी विसरू नका.

आणि शिक्षा म्हणून क्रेट कधीच नको. चप्पल चावली म्हणून ओरडून आत ढकललं की पंधरा दिवसांची मेहनत एका मिनिटात पाण्यात. लेकीलाही सांगून ठेवा : पिल्लू आत गेलं की त्याला हात लावायचा नाही, बोलवायचं नाही, आत डोकं घालायचं नाही.

खोडरबर

"आत गेलं की हात लावायचा नाही, बोलवायचं नाही." ही सोय नवऱ्यांसाठी कुठल्या मापात मिळते?

भरदुपार

४८ इंची. जाळी लावून.

कोपऱ्यावरचा

हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

ठाणेकरीणबाई, तुमचं सगळं वाचलं. कडी वाजवायचा प्रकार पटला, बैलाला जू दाखवून दाखवून सवय लावतात तशातलाच. पण मुख्य शंका राहतेच. तुम्ही एवढं प्रेमाने करता. सामान्य माणूस काय करतो? क्रेट घरात आला की तीन तासांचे पाच होतात, पाचाचे आठ. कुत्रा गप्प आहे म्हणजे त्याला सवय झाली असं धरून चालतात. तो गप्प का आहे हे कोण बघतं?

ठाणेकरीण

या शंकेला माझ्याकडे उत्तर नाही. खरंच तसं होतं. म्हणून मी पिल्लू देताना क्रेट आहे का हे विचारत नाही, घरी कोण किती वेळ असतं ते विचारते.

अटकमटक

इथेही होतं ते. ऑफिसच्या आठ तासांसाठी क्रेट आणि वर रात्रीचा क्रेट, म्हणजे दिवसातले सोळा तास. ते मलाही बघवत नाही.

पण क्रेटची सवय असण्याचे फायदे पुढे दिसतात. विमानाने न्यायचं तर क्रेट लागतोच. नसबंदीनंतर दहा-बारा दिवस उड्या मारू द्यायच्या नसतात, तेव्हा ज्याला सवय आहे तो शांत पडून राहतो.

भरदुपार

आणि दिवाळी! आमचा बंडू लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी स्वतःहून क्रेटमध्ये जातो. दार उघडंच असतं. शेजाऱ्यांचा कुत्रा दिवाणाखाली जातो, तेही चालतंच म्हणा. त्याला आपली अशी एक जागा हवी, एवढंच.

मोरपंखी_

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री घरात बैठक झाली. ठरलं ते असं.

दोन क्रेट, ३६ इंची, जाळीसकट. पण दिवसा ते बंद करायचे नाहीत. पॅसेजचा भाग लोखंडी कुंपणाने अडवायचा (पिल्लांसाठी घडीचं मिळतं ते), त्यात दोन्ही क्रेट दारं उघडी ठेवून, पाणी आणि एका टोकाला गवताचा ट्रे. पॅसेजमध्ये ऊन येत नाही आणि पंखा आहे. म्हणजे सासूबाईंच्या पायात कुणी येणार नाही आणि कुणी कोंडलेलंही नसेल. क्रेटची दारं फक्त रात्री लागतील, आमच्या पलंगाशेजारी, आणि दिवसा कामवाल्या मावशी फरशी पुसत असतील तेवढा वेळ. पहिले दोन आठवडे मी सुट्टी घेतेय, पुढचे दोन नवरा. नंतर ऑफिसचे दिवस आलटून पालटून. ज्या एका दिवशी दोघांनाही जावंच लागतं, त्या दिवशी नणंद दुपारी येईल, ती धायरीतच असते.

सासूबाईंची एकच अट : "पिंजरा म्हणायचं नाही, आणि दिवसा कडी लावलेली मला दिसता कामा नये."

एक क्रेट नवा मागवलाय. दुसरा सोसायटीतच एकांकडे पडून आहे, ते फुकट देताहेत.

गुरांचाडॉक्टर

थांबा. तो फुकटचा क्रेट घरात आणण्याआधी विचारा, त्यातला कुत्रा कुठे गेला आणि कशाने. पार्व्होने गेलेल्या पिल्लाचा क्रेट असेल तर घेऊच नका. कारण दुसरं असलं तरी धुतल्याशिवाय वापरायचा नाही. नुसत्या साबणाने किंवा फिनाईलने पार्व्हो मरत नाही. आधी साबणाने घासून घाण काढा, मग क्लोरीनवालं ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग असं करून सगळ्या तारा आणि ट्रे दहा मिनिटं ओले ठेवा, नंतर भरपूर पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. बिजागऱ्या आणि ट्रेच्या कडा विसरू नका.

मोरपंखी_

विचारलं. त्यांचा लॅब्रॅडॉर धडधाकट आहे, क्रेटमध्ये मावेनासा झाला म्हणून क्रेट पडून होता. तरी ब्लीचने धुऊन गच्चीत वाळत टाकलाय.

मोरपंखी_

पिल्लं आली! उशिरा लिहितेय, कारण झोपच नाही.

मोहरी पहिल्याच संध्याकाळी स्वतःहून क्रेटमध्ये जाऊन पसरली. कडीचं काम मात्र सासूबाईंनी परस्पर हातात घेतलंय. खुर्चीत बसून काठीच्या टोकाने कडी वाजवतात आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा आत टाकतात. घरात आयुष्यात चिकन न शिजवू दिलेल्या बाईंनी! वेगळं पातेलं आणलंय त्याला, ते बाल्कनीत धुवायचं असतं.

अडलंय ते हिंगपाशी. मोहरी दिसतेय तोवर तो आत निवांत खातो. तिला ट्रेवर न्यायला उचललं की लगेच किंचाळायला लागतो, अगदी कुणी मारतंय असं, आणि तोंडातला तुकडासुद्धा टाकून देतो. डॉक्टरांनी सांगितलेली खूण ती हीच ना? खालच्या मजल्यावरून विचारणा झाली एकदा.

ठाणेकरीण

हो, तीच. त्याचं दार सध्या लावूच नका, रात्रीसुद्धा. पलंगाशेजारी कुंपणाचा छोटा चौकोन करा, क्रेट त्यात उघडा.

तिला उचलून नेण्याऐवजी आधी उलटं करा. हिंगला आवडता खाऊ देत देत तुम्ही त्याला बाहेर घेऊन जा, मोहरी मागे राहू दे. सोडून जाणारा तो असला की त्याला तेवढं कठीण जात नाही. सुरुवातीला पॅसेजच्या टोकापर्यंत आणि लगेच परत. जिथे खाणं थांबवेल त्याच्या दोन पावलं अलीकडूनच फिरा. ते जमलं की मग मोहरीला त्याच्या डोळ्यांसमोरच, कुंपणाच्या पलीकडे ठेवून त्याला जेवायला द्या. ती बाल्कनीच्या दारापर्यंत गेली तरी तो खात राहिला, तर पुढचं सांगते.

खालच्या मजल्यावर जाऊन एकदा पिल्लं दाखवून या.